उंबरठ्यावरचा वर्ग

महाविद्यालयांचे आणि विद्यापीठांचे इतिहास मी बरेच वाचले आहेत. त्यांत कोनशिला कोणी बसवली हे असते, पहिले प्राचार्य कोण हे असते, देणगीदारांची नावे असतात आणि सुवर्णमहोत्सवाचे छायाचित्र असते. एका वर्गाचा इतिहास मात्र त्यांत कधीच सापडत नाही. ज्याला अपूर्णांक येत नाहीत, साधा अर्ज लिहिता येत नाही, अशा वाढत्या वयाच्या माणसाला आत घेण्यापूर्वी जो वर्ग घेतला जातो, तो हा वर्ग. त्याला कोणी पूर्वतयारी म्हणतात, कोणी पायाभूत, कोणी आणखी काही. त्यासाठी खोली मिळते ती सर्वांत मागची, आणि शिक्षक मिळतो तो सर्वांत नवा, तासांवर पैसे घेणारा. पण आमच्या माणसांच्या शिक्षणाचा खरा निकाल याच खोलीत लागत आला आहे, असे माझे मत आहे. ते मांडण्याचा माझा अधिकार एवढाच की अशा वर्गात मी आधी विद्यार्थी म्हणून बसलो आणि पुढे पंचवीसेक वर्षे शिकवले.

आमचा वर्ग दांडीला भरे. दांडी म्हटले की वाचकाला १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवेल. ती दांडी गुजरातेतली. ही पालघर तालुक्यातली, बोईसरच्या बाजूची, नवापूरच्या खाडीलगत वसलेली मच्छीमारांची दांडी. ‘दांडीला वर्ग आणि वर्गाला दांडी’ हा विनोद पहिल्याच आठवड्यात झाला, आणि पुढे दर जूनमध्ये कोणीतरी तो आपणच प्रथम शोधल्यासारखा करीत असे.

या भागाचे चित्र डोळ्यांपुढे आणल्याशिवाय वर्ग समजणार नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राची पहिली दोन संयंत्रे १९६९ साली वीज देऊ लागली. देशातले ते पहिले अणुवीज केंद्र. त्यामागोमाग औद्योगिक वसाहत आली : रसायने, औषधे, रंग, कापड. पुढे तिसऱ्या-चौथ्या संयंत्रांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. म्हणजे देशातले सर्वांत अवघड गणित ज्या कुंपणाच्या आत रोज केले जाते, त्या कुंपणाबाहेरचा माणूस मोबदल्याच्या कागदावर आकडा काय लिहिला आहे हे दुसऱ्याला विचारीत होता. आमच्या वर्गात मांगेला समाजातले तरुण येत, ज्यांच्या बापाची होडी होती पण मासळी उरली नव्हती. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या वारली बाया येत. माझ्यासारखे मराठवाड्यातून, खानदेशातून पोट घेऊन आलेले बौद्ध आणि मातंग कामगार येत. बहुतेकांना कायम व्हायचे होते आणि कायम होण्यासाठी कागद लागत होता. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि त्याने शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला, तेव्हा या माणसांना प्रथमच वाटले की दार कदाचित आपल्यासाठीही असेल.

वारल्यांचा तर अंगठ्याचा इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी या भागात होता. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेर सरकारला दिलेल्या अहवालात वेठीचे आणि कर्जाचे हे जाळे नोंदले गेले. १९४५ चा वारल्यांचा उठाव आणि गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक सर्वांना ठाऊक आहे. माझ्यासारख्या मास्तराला त्या सगळ्यात आणखी एक गोष्ट दिसते. किती घेतले, किती फेडले, किती उरले, हे वजाबाकीचे उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूने सोडवले जात होते आणि दुसरी बाजू उत्तराखाली अंगठा उठवीत होती.

आता एका शब्दाकडे वळतो. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत मागे पडलेल्या मुलाला पुन्हा शिकवण्याला ‘उपचारात्मक अध्यापन’ म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘रेमेडियल’ वर्गांच्या योजना अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयांतून चालल्या, त्यांचेही भाषांतर हेच. उपचार रोग्यावर होतो. मग प्रश्न असा की येथे रोगी कोण? ज्याला शतकानुशतके पाटी नाकारली गेली तो, की ज्याने नाकारली तो? हा शब्द स्वीकारला की पुढचे सारे आपोआप ठरते : वर्गात बसणारा आजारी, शिकवणारा वैद्य, आणि दोष मुलाच्या मेंदूत. इतिहास वाचला तर मात्र वेगळेच दिसते.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारला गेला. कारण गणितात कच्चा हे नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ मध्ये, पुण्यात दोन गोष्टी घडल्या होत्या. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी आपल्या घरी रात्रीची शाळा काढली. आणि फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. तीन वर्षे! प्राथमिक भाषेचा अभ्यासक्रम म्हणजे काय आणि तो कोठवर जाऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्या मुलीला अक्षरे शिकवणाऱ्यांनी तिला आधी वाक्प्रचारांचे अर्थ पाठ कर आणि मग बोल, असे सांगितले नसावे. अक्षर हाती येताच तिने थेट आपल्या लोकांवर झालेला जुलूम लिहिला आणि धर्माला प्रश्न विचारला.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगितले आहे : मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची जुजबी ओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. ही यादी साधी वाटते. पण मोडी आणि हिशेब एकत्र का, याचा विचार करावा. कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत होते आणि सावकाराची वही मोडीत होती. ज्या लिपीत आपल्याला लुबाडले जाते ती लिपी आणि ज्या आकडेमोडीने लुबाडले जाते ती आकडेमोड या दोन्ही कुणब्याच्या पोराच्या हातात द्याव्यात, असा हा अभ्यासक्रम आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, असेही ते सुचवतात. भाषा आणि गणित हे वेगळे विषय आपण आज मानतो. लुटल्या जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो एकच विषय होता.

आमच्या लोकांना अंक-अक्षराची दुसरी वाट मिळाली ती पलटणीत. मुंबई इलाख्याच्या लष्करात महार सैनिकांच्या मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी नॉर्मल शाळेचे मुख्याध्यापक होते. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली, आणि एका पिढीत उभे राहिलेले हे शिक्षण पुढच्या पिढीला मिळू नये अशी व्यवस्था झाली. रामजींनी मात्र घरालाच शाळा केले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला मुलाकडून घोटून घेतल्या. हाही पूर्वतयारीचाच वर्ग होता. विद्यार्थी एक, शिक्षक बाप, आणि जागा परळच्या चाळीतली एक खोली.

त्याच मुलाच्या शालेय जीवनातला एक प्रसंग धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकाने भीमरावास फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापाशी पोचण्याआधी मुलांनी धावत जाऊन डबे बाजूला केले. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो आणि तो तसा आहेच. मी मात्र तो गणिताच्या शिक्षणाचा प्रसंग म्हणूनही वाचतो. फळ्यावरचे उदाहरण सर्वांचे, पण फळ्यापर्यंत जायची वाट सर्वांची नव्हती. १९०७ साली ते ७५० पैकी २८२ गुणांनी मॅट्रिक झाले. आजच्या कोणत्याही गुणवत्ता यादीच्या हिशेबाने हा विद्यार्थी बाहेरच राहिला असता!

मला स्वतःला फळ्यापाशी कोणी बोलावलेच नाही. आमची शाळा जालन्याकडची. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. गणिताचे गुरुजी पहिल्या दोन बाकांना शिकवीत आणि आम्ही मागचे पाठ्यपुस्तकातल्या हौदाला दोन नळ कधी भरतील याची वाट पाहत बसू. आमच्या वाड्याला नळ नव्हता. मॅट्रिकला गणितात मी आपटलो. ते १९७२ साल होते. दुष्काळ पडला होता आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. खडीची मजुरी ब्रासवर मिळे. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ढीग रचायचा, कारकून येऊन टेप लावायचा आणि पुटपुटत एक आकडा वहीत मांडायचा. एकदा मी आईबरोबर होतो. ढीग दहा फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट उंच होता. कारकुनाने पाऊण ब्रास लिहिले. मी म्हणालो, साहेब, दहा पाचा पन्नास, पन्नास दुणे शंभर, हा पुरा ब्रास आहे. त्याने माझ्याकडे पाहिले, विचारले, “शिकलाय का रे?” मी म्हणालो, “मॅट्रिक नापास.” तो हसला. पण वहीतला आकडा त्याने बदलला. आईने घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही, रात्री भाकरी वाढताना म्हणाली, “परत बस परीक्षेला.”

घनफळाच्या ज्या प्रकरणात मी नापास झालो होतो, ते प्रकरण मला येत होते, हे मला त्या ढिगापाशी कळले. मग परीक्षेत काय झाले होते? उदाहरणाची भाषाच मला कळली नव्हती. ‘इष्टिकाचिती’, ‘दिलेल्या मापांवरून’, ‘धारकता काढा’. गणितात नापास झालेली आमची निम्मी मुले खरे तर भाषेत नापास झालेली असतात, हे मला पुढे दांडीला शिकवताना वारंवार दिसले. आणि भाषेत नापास झालेली का, याचे उत्तर पुन्हा इतिहासात आहे.

शाळेतली मराठी ही कोणाच्याच घरातली मराठी नाही असे म्हणतात, पण ती काही घरांच्या जास्त जवळची आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मेजर कँडींनी घडवलेली पाठ्यपुस्तके त्यानंतरची. कोशासाठी शब्द गोळा करणारे, कँडींच्या हाताखाली भाषांतरे करणारे ते शास्त्री-पंडित होते आणि प्रमाण मानली गेली ती त्यांची बोली. गणिताचेही तेच, कॅप्टन जार्विसने १८२० च्या दशकात मराठीत गणिताची पुस्तके करवून घेतली ती शास्त्र्यांच्या मदतीने. त्यामुळे गणिताला मिळालेली परिभाषा संस्कृतातून आली : लघुतम साधारण विभाज्य, त्रैराशिक, समच्छेद. शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ ला आणखी चार आले. नियमांशी माझे भांडण नाही. नियम मोडल्यावर माणसाची जात ओळखली जाते, याच्याशी आहे. ‘पानी’ म्हणणारा पोरगा वर्गात हसण्याचा विषय होतो आणि मग तो बोलणेच बंद करतो. आमच्या वर्गात मांगेली, वारली, मराठवाडी अशा तीन-चार बोली एका सतरंजीवर बसत. पहिले दोन महिने मी कोणाचाही ‘न’ दुरुस्त करीत नसे. आधी लिहू द्यावे. वीस कागद लिहून झाले की माणूस स्वतःच विचारतो, “सर, कुठला ण?” त्याने विचारले की सांगावे, आणि तेव्हा मात्र कडकपणे, सवलत न देता सांगावे.

ही माझीच युक्ती असे मला बरीच वर्षे वाटत होते. नंतर न्यूयॉर्कची हकिकत वाचनात आली. १९६९ च्या एप्रिलात हार्लेममधल्या सिटी कॉलेजचे आवार तेथल्या कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतले. हार्लेमच्या मध्यात उभ्या असलेल्या महाविद्यालयात हार्लेमची मुले का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. १९७० पासून न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने शहरातल्या प्रत्येक शालान्त उत्तीर्णाला प्रवेश खुला केला. हजारो मुले आली आणि प्राध्यापकांनी कपाळाला हात लावला : यांना वाक्य लिहिता येत नाही! मिना शॉनेसी या बाईंकडे या मुलांच्या इंग्रजीचे वर्ग होते. त्यांनी सुमारे चार हजार प्रवेश-निबंध तपासले आणि १९७७ साली पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की या मुलांच्या चुका बेशिस्त नाहीत. त्यांना तर्क आहे, त्या शिकण्याच्या वाटेवरच्या खुणा आहेत, आणि ज्याला तो तर्क दिसत नाही त्या शिक्षकालाच आधी शिकण्याची गरज आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरचे नाव घेतले, निग्रो कवितेची आपल्याकडे भाषांतरे झाली. पण त्यांच्या या वर्गाकडे आपले लक्ष गेले नाही. कवितेकडे लक्ष जाते. सतरंजीवरच्या वर्गाकडे जात नाही.

त्या प्रयोगाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९७६ ला शहर दिवाळखोरीच्या काठावर आले आणि शंभरावर वर्षे फुकट असलेल्या शिक्षणाला फी लागली. १९९९ साली विश्वस्तांनी ठरवले की चार वर्षांच्या महाविद्यालयांतून पायाभूत वर्ग काढून टाकावेत. ज्यांना ते लागतात त्यांनी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जावे. एका वाक्यात दार पुन्हा दोन झाले : पुढचे आणि मागचे. आपल्याकडे आयोगाने २०१३ मध्ये ‘सामुदायिक महाविद्यालये’ ही योजना आणली तेव्हा मला आनंदही झाला आणि ही न्यूयॉर्कची गोष्टही आठवली. कारण अशा महाविद्यालयातल्या पायाभूत गणित-भाषेच्या वर्गाला दोन तोंडे असतात. तो आत जाण्याचा जिना होऊ शकतो; तो कायम बाहेर बसण्याचा ओटाही होऊ शकतो. कोणते होईल हे नावावर ठरत नाही. वर्गात काय शिकवले जाते आणि तेथून पुढे कोठे जाता येते, यावर ठरते.

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईचे सिद्धार्थ, १९५० ला औरंगाबादचे मिलिंद. नोकरी करणाऱ्याला शिकता यावे म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. म्हणजे विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वेळेला यावे यापेक्षा महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या वेळेला उभे राहावे. आणि त्याचबरोबर ग्रंथालय, प्राध्यापक, अभ्यासक्रम यांत कोठेही ‘आपली मुले आहेत, चालेल’ असा भाव त्यांनी ठेवू दिला नाही. मी नागसेनवनात शिकलो. दुसऱ्या खेपेला मॅट्रिक होऊन गेलो तेव्हा इंग्रजीचे एक वाक्य सलग वाचता येत नव्हते. वसतिगृहात वरच्या वर्गातली मुले रात्री जेवणानंतर खालच्यांना घेऊन बसत. मला गणित शिकवणारा मुलगा स्वतः इंग्रजीत दोनदा बसलेला होता. तो म्हणे, “मला जे कळायला वर्ष लागलं ते तुला महिन्यात सांगतो, तू पुढच्याला आठवड्यात सांग.” हा वर्ग कोणत्याही माहितीपत्रकात नव्हता.

दांडीच्या वर्गात गणिताची सुरुवात कोठून करावी यावर मी बराच चुकलो. आधी पुस्तकातून पूर्णांक, अपूर्णांक असा गेलो, माणसे झोपत. दिवसभराची पाळी करून आलेली माणसे, त्यांचा दोष नाही. मग एका मासेविक्या मावशीने मला वाट दाखवली. तिला लिहिता येत नव्हते, पण पाऊणशे रुपयांच्या वाट्याचा सव्वापट भाव ती पापणी लवते तोवर सांगे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी : जुन्या पंतोजीच्या शाळेतली ही कोष्टके शाळेतून केव्हाच गेली, पण तिच्या बाजारात जिवंत होती. पंतोजीने ती तिच्या आजीला नक्कीच शिकवली नव्हती! मी फळ्यावर तीन छेद चार लिहिले आणि म्हटले, “मावशी, हे तुमचे पाऊण.” ती म्हणाली, “एवढंच? मग तीन आणि चार कशाला, पाऊणच लिवा ना.” त्या रात्री आम्ही छेद म्हणजे काय यावर दीड तास बोललो. चार वाटे केले, तीन उचलले. मला त्या दिवसापर्यंत छेद हा शब्द इतका निरर्थक आहे हे कळले नव्हते.

संख्यांच्या नावांचेही तसेच. मराठीत एकोणसाठ म्हटले की कानाला साठ ऐकू येतो आणि हात सहा लिहून बसतो. प्रौढ माणसेही एकोणसाठला एकोणसत्तर करतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टबरोबर ‘साठ तीन’, एकवीसबरोबर ‘वीस एक’ असेही वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषेचा खून झाला म्हणून अग्रलेख आले, विनोद झाले. मंगला नारळीकर या गणित समितीच्या अध्यक्षा होत्या. त्या शांतपणे सांगत राहिल्या की लहान मुलाला जोडाक्षरी संख्यानामे अवघड जातात. रागावलेल्यांमध्ये एकोणसाठ लिहिताना कधी हात थरथरलेला माणूस किती होते? आमच्या वर्गाला कोणी विचारले असते तर त्यांनी दोन्ही ठेवा म्हटले असते. आम्ही तसेच करीत होतो.

परंतु सोपे करणे आणि कमी करणे यांत फरक आहे, आणि येथे माझ्याच बाजूच्या काही मित्रांशी माझे मतभेद आहेत. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यातून अशी तरतूद पुढे आली की दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण असले तरी अकरावीला जाऊ द्यावे; मात्र गुणपत्रिकेवर तसा शेरा राहील आणि त्या विषयांची पुढची वाट बंद होईल. अनेकांनी स्वागत केले : गरिबांची मुले गणितापायी शाळा सोडतात, ती टिकतील. टिकतील हे खरे. पण शेरा कोणाच्या कागदावर पडेल? शिकवणी लावू शकणाऱ्याच्या नाही. अणुवीज केंद्राच्या कुंपणात कोण जाणार आणि कुंपणालगत गवत कोण कापणार, हे त्या शेऱ्याने सोळाव्या वर्षी ठरेल. पूर्वी शाळेबाहेर बसवत होते. आता आत घेऊन फळ्यापासून दूर बसवतील, तेही मुलाच्या भल्यासाठी.

अमेरिकेत रॉबर्ट मोझेस नावाचा गणिताचा शिक्षक होता. १९६० च्या दशकात तो मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करीत फिरला, तुरुंगात गेला, मार खाल्ला. तेथे नोंदणीसाठी राज्यघटनेचे कलम वाचून त्याचा अर्थ अधिकाऱ्याचे समाधान होईल असा लिहावा लागे. ज्यांना शाळा नाकारली त्यांची वाचनपरीक्षा! १९६५ च्या कायद्याने ती अट गेली. १९८२ मध्ये मोझेसने मुलांना बीजगणित शिकवण्याची चळवळ सुरू केली. कारण त्याच्या मते, कारखाना आणि यंत्र बदलल्यावर बीजगणिताबाहेर ठेवलेला माणूस मताबाहेर ठेवलेल्या माणसाइतकाच निराधार होतो. त्याने परीक्षा सोपी करा असे म्हटले नाही. सगळ्यांना शिकवा म्हटले. आमच्या चळवळीत आरक्षणासाठी मोर्चे निघाले, नामांतरासाठी माणसे मेली, शिष्यवृत्तीसाठी आम्ही सगळे बसलो. समीकरणासाठी मोर्चा काढलेला मला आठवत नाही.

वर्गाने किती जणांना पदवीपर्यंत नेले, असे कार्यकर्ते विचारतात. थोड्यांना. पुष्कळ जण मधेच गेले. पाळी बदलली, लग्न झाले, कंत्राट संपले. एक जण आज शिक्षक आहे. आकडा मोठा नाही आणि मी तो मोठा करून सांगणार नाही. माझ्या मनात राहिलेली एक संध्याकाळ सांगतो.

औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जाते. खाडीत मासे मरून वर येणे हे दांडी-नवापूरला नवे नव्हते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर आणि सामायिक प्रक्रिया केंद्रावर भरपाईचा आदेश काढला. त्याच्या कितीतरी आधी, प्रकरण चालू असताना, वर्गातला एक तरुण वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला. त्यात प्रक्रिया केंद्राची क्षमता ‘२५ एमएलडी’ अशी होती. त्याने विचारले, “सर, हे एमएलडी म्हणजे किती?”

मी फळ्यावर लिहिले : एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. पंचवीस एमएलडी किती? त्यांनी गुणाकार केला. शून्ये मोजताना दोघांचे भांडण झाले. अडीच कोटी लिटर, दिवसाला. मग मी म्हटले, समजा, केवळ उदाहरणासाठी, एका लिटरमागे २५० मिलिग्रॅम घाण उरली. मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. चिमटीतही येत नाही. “मग काय होतंय तेवढ्यानं,” कोणीतरी म्हणाले. गुणा, म्हटले. सगळे वाकले. मी मदत केली नाही. मिलिग्रॅमचे ग्रॅम, ग्रॅमचे किलो, तीन-तीन शून्ये खोडत सहा हजार दोनशे पन्नासवर आले. तरीही तो आकडाच होता, कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही.

मावशी भिंतीला टेकून ऐकत होती. सवायकी तिची होती.

“सव्वासहा टन?” ती म्हणाली. “रोज?”